केमोथेरपीत मूत्राशय सांभाळणारे मेस्ना : खान्देशातील रुग्णांसाठी आणि नातेवाइकांसाठी मार्गदर्शक

खान्देशात चैत्र-वैशाखात कुणाला लघवीला जळजळ झाली की घरातली सगळी माणसे एकाच निदानावर येतात : उन्हाळी लागली. मग रात्री भिजवलेल्या धने-जिऱ्याचे पाणी होते, सब्जा होतो, ताकाचा ग्लास पुढे येतो आणि बहुतेक वेळा दोन दिवसांत माणूस बरा होतो. म्हणूनच ही समजूत इतकी घट्ट बसलेली आहे. परंतु ज्या रुग्णाला इफॉस्फामाइड किंवा मोठ्या मात्रेतील सायक्लोफॉस्फामाइड ही कर्करोगाची औषधे चालू आहेत, त्याच्या बाबतीत हीच जळजळ मूत्राशयाच्या आतल्या अस्तराला झालेल्या रासायनिक इजेची पहिली खूण असू शकते, आणि तिथे सब्जावर दोन दिवस घालवणे परवडत नाही.

मी जळगाव भागात केमोथेरपीच्या विभागात औषधे तयार करण्याचे आणि रुग्णांना समजावून देण्याचे काम केले आहे. या काळात मेस्ना या औषधाबद्दल नातेवाइकांनी जे प्रश्न विचारले आणि जे विचारायचे राहून गेल्यामुळे पुढे त्रास झाला, ते दोन्ही लक्षात ठेवून हा लेख लिहिला आहे. येथे दिलेली मात्रा आणि वेळा समजून घेण्यासाठी आहेत. प्रत्यक्षात तुमच्या फाईलमध्ये तुमच्या डॉक्टरांनी जे लिहिले आहे तेच पाळायचे आहे.

पहिली पायरी : फाईलमध्ये औषधाचे नाव शोधावे

सर्वच केमोला मूत्राशयरक्षक औषध लागत नाही, आणि गोंधळाची सुरुवात बहुधा येथेच होते. शेजारच्या खाटेवरील रुग्णाला मेस्ना दिले जाते, आपल्या आईला दिले जात नाही, आणि नातेवाइकांना वाटते की काहीतरी राहून गेले. मेस्ना हे दोन औषधांच्या सोबतीने येते. एक इफॉस्फामाइड. ते हाडांच्या आणि स्नायूंसारख्या मऊ ऊतींच्या कर्करोगात (सार्कोमात), लसिका ग्रंथींच्या काही कर्करोगांत (लिम्फोमांत) आणि अंडकोषाच्या कर्करोगात वापरले जाते. इफॉस्फामाइडबरोबर मेस्ना असलेच पाहिजे. ते फाईलमध्ये दिसत नसेल तर सलाईन सुरू होण्यापूर्वी नम्रपणे, पण स्पष्ट विचारावे.

दुसरे औषध सायक्लोफॉस्फामाइड, आणि येथे उत्तर मात्रेवर अवलंबून असते. स्तनाच्या कर्करोगात दर तीन आठवड्यांनी जी नेहमीची मात्रा दिली जाते, तिला साधारणपणे मेस्ना लागत नाही; भरपूर पाणी आणि वेळेवर लघवी एवढे पुरते. मूळपेशी प्रत्यारोपणाच्या, म्हणजे रक्त तयार करणाऱ्या पेशी रुग्णाला देण्याच्या, आधी किंवा नंतर दिल्या जाणाऱ्या फार मोठ्या मात्रेत मात्र मूत्राशयाला संरक्षण द्यावेच लागते. ल्युपससारख्या, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवांवर उलटते अशा, आजारात सायक्लोफॉस्फामाइडचे सलाईन देताना काही डॉक्टर मेस्ना देतात, काही देत नाहीत. याच औषधाची गोळी रोज घेणाऱ्या रुग्णांनी ती सकाळी घ्यावी, म्हणजे दिवसभर पाणी पिऊन तिचे अवशेष बाहेर पडतात आणि रात्रभर मूत्राशयात साचून राहत नाहीत.

दुसरी पायरी : हे औषध नेमके काय करते ते समजून घ्यावे

कारण समजले नाही तर वेळ पाळण्याचे महत्त्व पटत नाही, असा माझा अनुभव आहे. म्हणून येथे थोडे थांबतो.

इफॉस्फामाइड आणि सायक्लोफॉस्फामाइड ही दोन्ही औषधे शिरेतून शरीरात जातात तेव्हा निष्क्रिय असतात. यकृत त्यांची मोडतोड करते आणि त्यातून कर्करोगाच्या पेशींवर घाव घालणारा घटक तयार होतो. त्याच मोडतोडीत अ‍ॅक्रोलीन नावाचा एक नको असलेला पदार्थही निघतो. हा पदार्थ मूत्रपिंडांतून लघवीत उतरतो आणि मूत्राशयात जाऊन थांबतो. अ‍ॅक्रोलीन फार दाहक आहे. तेल जास्त तापून करपले की स्वयंपाकघरात डोळे झोंबवणारा जो धूर होतो, त्यातही हाच पदार्थ असतो. असा पदार्थ मूत्राशयाच्या नाजूक अस्तराला तासन्‌तास लागून राहिला की अस्तर सुजते, सोलवटते आणि त्यातून रक्त येऊ लागते. वैद्यकीय भाषेत याला रक्तस्रावी मूत्राशयदाह म्हणतात.

मेस्नाच्या रेणूत गंधक असलेला एक भाग असतो आणि तो अ‍ॅक्रोलीनला पकडून निरुपद्रवी करतो. या औषधाची खुबी अशी की ते रक्तात गेल्याबरोबर लवकरच निष्क्रिय रूपात बदलते, मूत्रपिंडात आल्यावर त्याचा काही भाग पुन्हा मूळ रूपात येतो आणि लघवीत उतरून आपले काम करतो. त्यामुळे रक्तातील केमोच्या औषधाशी त्याची गाठ पडत नाही. “हे औषध केमोची ताकद कमी करेल का?” असे अनेक जण काळजीने विचारतात, त्याचे उत्तर या प्रवासात आहे.

ही औषधे जर्मनीतील बीलेफेल्ड येथील अस्टा कंपनीच्या प्रयोगशाळेत नॉर्बर्ट ब्रॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केली. अमेरिकेत इफॉस्फामाइडला आणि मेस्नाला १९८८ मध्ये परवानगी मिळाली. मूत्राशयाचे संरक्षण हाती नसताना इफॉस्फामाइडची पुरेशी मात्रा देणेच कठीण होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत मेस्ना आहे.

तिसरी पायरी : मात्रा आणि घड्याळ

मेस्ना शरीरात फार काळ टिकत नाही, इफॉस्फामाइडचे अवशेष मात्र कितीतरी तास लघवीत येत राहतात. सगळी अडचण या दोन गोष्टींत आहे, आणि म्हणूनच मेस्ना एकदा देऊन भागत नाही.

नेहमीची पद्धत अशी. इफॉस्फामाइडच्या मात्रेच्या २० टक्के मेस्ना केमो सुरू होतानाच शिरेतून देतात, तेवढेच ४ तासांनी आणि पुन्हा तेवढेच ८ तासांनी. म्हणजे दिवसभरात एकूण ६० टक्के. उदाहरणार्थ, एका दिवसाचे इफॉस्फामाइड २,००० मिलिग्रॅम असेल तर मेस्नाची प्रत्येक मात्रा ४०० मिलिग्रॅमची होते. केमो सकाळी ११ वाजता सुरू झाली तर पुढची इंजेक्शने दुपारी ३ आणि संध्याकाळी ७ वाजता. येथे खान्देशातील रुग्णांची खरी अडचण सुरू होते, कारण चोपडा, यावल, साक्री किंवा शहाद्याकडे जाणारी सोयीची गाडी सातच्या आतच निघते. मुख्य सलाईन दुपारी संपते, हाताची सुई मोकळी झालेली दिसते, रुग्ण कंटाळलेला असतो, आणि “आता फक्त एक छोटे इंजेक्शन राहिले आहे, ते नाही घेतले तर काय होईल,” असे वाटून माणसे निघतात. तसे निघू नये. ते छोटे इंजेक्शन संध्याकाळी आणि रात्री मूत्राशयात येणाऱ्या अ‍ॅक्रोलीनसाठी असते. मुक्कामाची सोय आधी करून ठेवावी किंवा केमो सकाळी लवकर सुरू करता येईल का ते आदल्या दिवशी सिस्टरांना विचारावे. आधी सांगितले तर बहुतेक ठिकाणी असा विचार केला जातो.

दुसरी पद्धत गोळ्यांची आहे. यात सुरुवातीची २० टक्के मात्रा शिरेतून आणि नंतर २ तासांनी व ६ तासांनी प्रत्येकी ४० टक्के मात्रा तोंडाने देतात. तोंडाने घेतलेल्या औषधाचा साधारण निम्मा भागच लघवीपर्यंत पोहोचतो, म्हणून ती मात्रा दुप्पट असते, “गोळ्या जास्त का लिहिल्या?” या प्रश्नाचे उत्तर हेच. वरच्याच उदाहरणात ११ वाजता ४०० मिलिग्रॅमचे इंजेक्शन, मग १ वाजता आणि ५ वाजता प्रत्येकी ८०० मिलिग्रॅम, म्हणजे ४०० मिलिग्रॅमच्या दोन-दोन गोळ्या होतील. पाचची मात्रा गाडीत किंवा घरी घ्यावी लागणार असेल तर मोबाईलमध्ये गजर लावून ठेवावा आणि गोळ्या पिशवीच्या तळाशी न ठेवता रुग्णाच्या सोबत असलेल्या माणसाच्या खिशात ठेवाव्यात. इफॉस्फामाइडची मात्रा फार मोठी असेल तेव्हा, किंवा रुग्णाला सतत उलट्या होत असतील तेव्हा, गोळ्यांवर विसंबत नाहीत.

गोळी घेतल्यावर २ तासांच्या आत उलटी झाली तर ती मात्रा वाया गेली असे धरून लगेच विभागाला फोन करावा. मात्रा पुन्हा घ्यावी लागते किंवा शिरेतून द्यावी लागते. वेळ चुकली असेल तरी फोन करावा. स्वतःच्या मनाने दोन मात्रा एकदम घेऊ नयेत.

काही ठिकाणी गोळ्या मिळत नाहीत आणि इंजेक्शनची अँप्यूल (काचेची छोटी कुपी) फोडून त्यातील औषध सरबतात किंवा दुधात मिसळून प्यायला सांगतात. ही मान्य असलेली पद्धत आहे, पण डॉक्टरांनी तसे लिहून दिले असेल आणि किती मिलिलिटर घ्यायचे हे सिस्टरांनी करून दाखवले असेल तरच ती वापरावी. औषधाला कुजलेल्या अंड्यासारखा वास येतो आणि चव वाईट लागते. तो वास गंधकाचा आहे. औषध खराब झाल्याचे ते लक्षण नाही.

इफॉस्फामाइड २४ तास संथपणे चालू ठेवण्याचीही एक पद्धत आहे. तिच्यात मेस्ना त्याच सलाईनमध्ये मिसळलेले असते आणि केमो संपल्यावरही काही तास चालू राहते. “केमो तर संपली, मग ही बाटली का?” असे वाटले तर बाटलीवरील चिठ्ठी वाचावी. या दोन औषधांची एका बाटलीत गट्टी जमते. सिस्प्लॅटिन या केमोच्या दुसऱ्या औषधात मात्र मेस्ना मिसळत नाहीत, म्हणून ती सलाईने वेगवेगळी लावलेली दिसतील.

चौथी पायरी : पाणी, आणि त्याहून महत्त्वाची लघवी

मेस्ना मिळाले म्हणजे पाण्याची गरज संपली, असे नाही. केमोच्या दिवसांत आणि त्यानंतरही एक-दोन दिवस प्रौढ रुग्णाच्या शरीरात सलाईन आणि पिण्याचे द्रव मिळून दिवसाला किमान २ लिटर गेले पाहिजे, आणि बहुतेक विभाग त्याहून जास्त सांगतात. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी आणि पायावर सूज असलेल्यांनी नेमका आकडा डॉक्टरांकडून लिहून घ्यावा. मुलांचे प्रमाण वजनावर ठरते.

खान्देशात या आकड्यात एक दुरुस्ती करावी लागते. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, आणि पत्र्याच्या घरात बसलेल्या माणसाने प्यालेले पाणी मूत्राशयापर्यंत पोहोचण्याआधीच घामावाटे निघून जाते. म्हणून किती पाणी प्याले याच्याइतकेच लघवी किती झाली याकडे लक्ष द्यावे. लघवी फिकट पिवळी असावी आणि दिवसा दर दोन तासांनी व्हावी. झोपण्यापूर्वी मूत्राशय रिकामे करावे आणि रात्री किमान एकदा, शक्य तर दोनदा, उठून जावे. रुग्णाला गाढ झोप लागली असेल तर “झोपू दे बिचाऱ्याला,” असे न म्हणता त्याला उठवावे, कारण अ‍ॅक्रोलीन जितका वेळ मूत्राशयात पडून राहते तितकी इजा वाढते. दोन रकान्यांची एक साधी वही ठेवावी : एकात वेळ आणि काय किती प्याले, दुसऱ्यात लघवीची वेळ आणि रंग. लिटरच्या बाटलीने मोजले की अंदाजाची चूक होत नाही. तांब्या प्रत्येक घरचा वेगळा असतो.

पाणी उकळून गार केलेले असावे. आपल्याकडे अनेक गावांत नळाला रोज पाणी येत नाही आणि ते टाकीत, पिंपात साठवले जाते. केमोनंतर पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असताना असे साठवलेले पाणी जुलाबाला आणि तापाला कारण होऊ शकते. घरचे ताजे ताक, लिंबू सरबत, तांदळाची पेज, पातळ वरण हे सगळे द्रवात मोजावे. रस्त्यावरचा बर्फ घातलेला उसाचा रस टाळावा. नारळपाणी आणि केळी यांत पोटॅशियम असते. इफॉस्फामाइडमुळे काहींचे पोटॅशियम कमी होते, तर मूत्रपिंड दुखावलेल्यांचे वाढते, त्यामुळे केळीच्या मुलखात राहत असलो तरी ती किती खावीत हे रक्ताचा अहवाल पाहून विचारावे. तिखट शेवभाजी आणि कळण्याच्या भाकरीवरची झणझणीत चटणी चार-पाच दिवस बाजूला ठेवलेली बरी, कारण तोंड आले असेल तर पाणीही गिळवत नाही.

आता एका गोष्टीविषयी मला आग्रहाने लिहायचे आहे. आपल्या बायाबापड्या प्रवासाला निघताना पाणी पिणे बंद करतात. बसस्थानकावरच्या स्वच्छतागृहाची अवस्था, रस्त्यात थांबण्याची लाज, सोबत दीर किंवा मेहुणा असणे, ही सगळी कारणे खरी आहेत आणि त्यांना नावे ठेवून काही साधत नाही. पण केमोच्या दिवशी न पिता आणि लघवी रोखून धरून तीन तास एसटीत बसणे म्हणजे मूत्राशयावरचा सगळ्यात वाईट प्रयोग आहे. त्यावरचे उपाय साधे आहेत. निघण्यापूर्वी रुग्णालयातच लघवीला जाऊन यावे. शक्य असेल तर रेल्वेने जावे, कारण डब्यात शौचालय असते. भुसावळ, जळगाव, अमळनेर, नंदुरबार या पट्ट्यातील रुग्णांना ती सोय आहे. गाडी भाड्याने केली असेल तर चालकाला आधीच सांगून ठेवावे की तासा-दीड तासाने पेट्रोलपंपावर थांबायचे आहे. सोबत बाई असावी. लहान मुलांना डायपर आणि अशक्त रुग्णांना प्रौढांचे डायपर बांधायला हरकत नाही, मात्र ते लवकर बदलावे आणि बदलताना रंग पाहावा.

पाचवी पायरी : रंग ओळखावा

केमोच्या दिवसांत रोज सकाळी, पुढची मात्रा देण्याआधी, लघवीचा नमुना तपासतात. डोळ्यांना लघवी स्वच्छ दिसत असली तरी सूक्ष्मदर्शकाखाली लाल पेशी सापडू शकतात, आणि तिथेच आजार पकडला तर पुढचे टळते. हा नमुना कंटाळा करून चुकवू नये.

घरी काय पाहावे? लघवी करताना जळजळ, सारखे जावेसे वाटणे, थेंबथेंब होणे, ओटीपोटात कळ, आणि गुलाबी, लाल किंवा काळ्या चहासारखा रंग. यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी, रात्र असेल तर त्याच रात्री, विभागाला फोन करावा. रक्ताच्या गुठळ्या पडू लागल्या किंवा लघवी अडकली आणि पोट फुगून दुखू लागले तर फोनच्या उत्तराची वाट न पाहता जवळच्या मोठ्या रुग्णालयात जावे. वाहन नसेल तर १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. धुळे, जळगाव आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांच्या ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. जाताना केमोची फाईल सोबत असलीच पाहिजे, कारण तिथल्या डॉक्टरांना हा उन्हाळीचा किंवा मुतखड्याचा रुग्ण नाही हे त्या कागदावरूनच कळेल.

रंगाच्या बाबतीत एक फसवणूक माहीत असावी. डॉक्सोरुबिसिन हे लाल रंगाचे केमोचे औषध अनेकदा इफॉस्फामाइडच्या सोबतीने दिले जाते, आणि त्यामुळे एक-दोन दिवस लघवी तांबूस होते. ते रक्त नसते. बीट खाल्ल्यानेही असा रंग येतो. मग ओळखायचे कसे? डॉक्सोरुबिसिनचा रंग सलग असतो, त्यात गुठळ्या नसतात, जळजळ नसते आणि दोन दिवसांत तो जातो. तरीही शंका आली तर घरी निर्णय घेऊ नये; लघवीची साधी तपासणी काही वेळात खरे सांगते.

रावेरकडच्या एका आजीबाई मला आठवतात. नातवाचे केमो झाले होते, तिसऱ्या दिवशी त्याला जळजळ सुरू झाली आणि त्या म्हणाल्या, “काही नही, उन्हायी लागनी.” गावातल्या दुकानातून लघवीची जळजळ थांबवणारे पातळ औषध आणले, एक दिवस बरे वाटले, आणि मग गुठळ्या पडू लागल्या. त्या आजींची माया खोटी नव्हती. त्यांना कुणी सांगितलेच नव्हते की या मुलाची जळजळ वेगळी असू शकते. सांगायची जबाबदारी आमची होती. तेव्हापासून मी घरी जाणाऱ्या प्रत्येक रुग्णाच्या घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या बाईला शोधून हे सांगतो, कारण औषधोपचाराचा पहिला निर्णय चुलीपाशीच होतो. दुकानातले पातळ औषध किंवा गावातल्या डॉक्टरांनी दिलेले प्रतिजैविक कदाचित लागेलही, पण केमोच्या विभागाला कळवल्यानंतर. डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या तर विचारल्याशिवाय मुळीच नकोत. इफॉस्फामाइडने आधीच ताण आलेल्या मूत्रपिंडांवर त्या आणखी भार टाकतात.

एकदा रक्तस्राव सुरू झाला की मेस्ना तो बरा करू शकत नाही. मग शिरेतून भरपूर पाणी, मूत्राशयात तीन मार्गांची नळी घालून सतत धुणे, गुठळ्या काढणे, गरज पडल्यास रक्त चढवणे, असा मार्ग असतो.

मेस्ना काय करत नाही

मेस्नामुळे धोका खूप कमी होतो, पण शून्य होत नाही. औषधाच्या अधिकृत माहितीपत्रकात मेस्ना मिळूनही सुमारे ६ टक्के रुग्णांच्या लघवीत लक्षणीय रक्त आढळल्याची नोंद आहे. ओटीपोटावर पूर्वी किरणोपचार झालेल्यांनी आणि आधी एकदा असा त्रास झालेल्यांनी हे पहिल्याच भेटीत सांगावे. किरणोपचारामुळे किंवा विषाणूमुळे होणारा मूत्राशयदाह मेस्नाने टळत नाही.

ते मूत्रपिंडांचे आणि मेंदूचेही संरक्षण करत नाही. इफॉस्फामाइडमुळे काही रुग्णांना गुंगी येते, बोलणे असंबद्ध होते, नसलेल्या गोष्टी दिसतात, कधी झटके येतात. खेड्यात अशा वेळी बाहेरची बाधा समजून रात्र अंगारे-धुपाऱ्यात जाते. हा औषधाचा परिणाम आहे, त्यावर उपचार आहेत, आणि तो लक्षात येताच रुग्णाला ताबडतोब रुग्णालयात न्यावे. १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप आला तरी हेच.

मेस्नाचे स्वतःचे दुष्परिणाम बहुधा सौम्य असतात : मळमळ, तोंडाला वाईट चव, डोकेदुखी, चेहऱ्यावर गरम वाफ आल्यासारखे वाटणे, पातळ शौच. क्वचित अंगावर पुरळ, सूज, धाप अशी अ‍ॅलर्जी होते. ल्युपससारखे आजार असलेल्यांत ती तुलनेने अधिक दिसते. पुरळासोबत ताप, तोंडात फोड किंवा कातडी सुटणे असे काही झाले तर औषधाची पुढची मात्रा न घेता लगेच दाखवावे. मधुमेह असलेल्यांसाठी एक उपयोगी गोष्ट : मेस्ना चालू असताना पट्टीवरच्या लघवी तपासणीत कीटोन (मधुमेह बिघडल्यावर लघवीत येणारा पदार्थ) नसतानाही आहेत असे दिसू शकते. गावातल्या लॅबमध्ये असा अहवाल आला तर घाबरून इन्सुलिन बदलू नये. मेस्ना चालू आहे हे डॉक्टरांना सांगावे म्हणजे ते दुसऱ्या तपासणीने खात्री करतील.

घरातल्या इतरांसाठी

केमोनंतर साधारण ४८ तास रुग्णाच्या लघवीत आणि उलटीत औषधाचे अंश असतात. पुरुषांनीही बसून लघवी करावी म्हणजे शिंतोडे उडत नाहीत. झाकण लावून दोनदा पाणी सोडावे. भांडे वापरत असाल तर ते रिकामे करणाऱ्याने हातमोजे घालावेत आणि नंतर साबणाने हात धुवावेत. हे काम गरोदर सुनेकडे किंवा लेकीकडे देऊ नये. भिजलेले कपडे वेगळे धुवावेत. रुग्णाजवळ बसायला, त्याला जेवू घालायला, नातवंडांनी त्याच्या मांडीवर बसायला काहीच हरकत नाही.

खर्च आणि मुक्काम

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत समाविष्ट असलेल्या रुग्णालयांत केमोथेरपी रोखरहित मिळू शकते. शिधापत्रिका आणि आधार घेऊन रुग्णालयातील आरोग्यमित्रांना, म्हणजे योजनेच्या मदतनिसांना, पहिल्याच दिवशी भेटावे, आणि मेस्नासारखी सोबतची औषधे त्यात धरलेली आहेत का हे नेमके विचारावे. बाहेरून आणण्याची चिठ्ठी हातात पडली तर पैसे भरण्यापूर्वी ती आरोग्यमित्रांना दाखवावी. काही कंपन्या इफॉस्फामाइड आणि मेस्ना एकाच खोक्यात देतात, तेव्हा दुकानातून दोन्ही वेगवेगळे घेण्याआधी खोक्यावरची यादी वाचावी; आणि औषध आणले की अँप्यूलची संख्या मोजूनच सिस्टरांकडे द्यावी. इंजेक्शनच्या २ मिलिलिटरच्या अँप्यूलमध्ये २०० मिलिग्रॅम असेल, तर ४०० मिलिग्रॅमच्या तीन मात्रांना दिवसाला सहा अँप्यूल लागतात, आणि पाच दिवसांच्या केमोला तीस. उपचार मुंबईत परळच्या टाटा रुग्णालयात होत असतील तर दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या ठिकाणी मुक्कामाची चौकशी आधी करावी, म्हणजे रात्रीच्या शेवटच्या मात्रेसाठी थांबण्याची चिंता राहत नाही.

पुढच्या केमोला जाताना

ती दोन रकान्यांची वही सोबत न्यावी. कोणत्या दिवशी जळजळ झाली, कोणती गोळी उलटीत गेली, रात्री किती वेळा उठला, हे डॉक्टरांनी पाहिले की पुढच्या वेळी मेस्ना गोळ्यांऐवजी शिरेतून द्यायचे की वेळ वाढवायचा, याचा निर्णय त्यांना घेता येतो. क्रिअ‍ॅटिनिन, पोटॅशियम, मॅग्नेशियम आणि फॉस्फेट यांच्या तपासण्या सांगितल्या असतील तर त्या केमोच्या आदल्या दिवशी करून न्याव्यात.

उपचार संपल्यावर केमोची फाईल माळ्यावर टाकू नये, रद्दीत तर नाहीच. दीर्घकाळ किंवा मोठ्या मात्रेत सायक्लोफॉस्फामाइड घेतलेल्यांना पुढे अनेक वर्षांनी मूत्राशयाच्या कर्करोगाचा धोका काहीसा जास्त असतो. अशा माणसाच्या लघवीत दहा वर्षांनी, न दुखता, एकदाच रक्त दिसले तरी मूत्रविकारतज्ज्ञांकडे जावे आणि जुनी फाईल त्यांच्या टेबलावर ठेवावी.